भूक मारायची कांडी

कुणावर भरवसा ठेवायचा, सांगा बघू? नाडी धरणाऱ्या वैद्यावर, माल तोलणाऱ्या काट्यावर, का आपल्याच पोटावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी उभा जन्म सांगलीच्या पेठेत काष्ठौषधी विकली, तरी मला अजून नक्की सांगता येत नाही.

आमच्या धंद्यात किस्से साठतात ते खणातल्या भुग्यासारखे. दुकानात शे-दीडशे खण. कशात हिरडा, कशात शतावरी, कशात सुंठ. माल विकला जातो आणि तळाला भुगा राहतो. कुठल्या औषधाचा ते धड सांगता येत नाही, पण वास असा येतो की फेकवत नाही. तसंच हे. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं, आणि फी म्हणून हे किस्से माझ्याकडेच ठेवून गेले!

त्यातले माकडशिंगाचे तेवढे आज सांगतो. हसायला येईल तिथे हसा. मीही हसायचो. आता पहिल्यासारखं हसू येत नाही, एवढंच.

०

माझा जन्म उंब्रजजवळच्या एका खेड्यातला, धंदा सांगलीत. गावाकडचा माझा जिवाभावाचा सोबती म्हणजे केरबा पैलवान. तरुणपणी त्याने जत्रा गाजवल्या. पुढे गुडघा दुखावला, कुस्ती सुटली, पण खुराक काही सुटला नाही! दूध, तूप, बदाम, सगळं पहिल्यासारखं. फरक एवढाच, पूर्वी ते तालमीच्या मातीत जिरायचं, आता अंगावर मुक्कामाला राहायचं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मोटारीच्या पाठीला भट्टी बांधलेली आणि क्लीनर काळाठिक्कर होऊन ती ढवळतोय, असा थाट. चढ आला की मोटार म्हाताऱ्यासारखी खोकायची आणि ड्रायव्हर ओरडायचा, "उतरा समदी! ढकला!"

एकदा मी आणि केरबा कराडहून सांगलीला निघालो. पहिलाच चढ लागला, मोटार खोकली आणि थांबली. लोक सवयीने उठायला लागले. ड्रायव्हरने मागे वळून सगळ्यांवर नजर फिरवली आणि हात वर केला.

"बसा, बसा! समद्यांनी कशाला तरास घ्यायचा? एकटं पैलवान उतरलं तरी भागंल!"

सगळी मोटार हसली. केरबाही हसत हसत उतरला. आणि गंमत म्हणजे मोटार खरोखरच चढली! वरच्या वळणावर आम्ही त्याची वाट बघत थांबलो. तो आला तेव्हा लोहाराच्या भात्यासारखा श्वास चालला होता. माझ्या शेजारी टेकला. बऱ्याच वेळाने, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "नाना, ह्यो नुसता रस्त्याचा चढ हाय गड्या. मुंगी घाट कसा चढू?"

माझं हसू तिथेच संपलं.

०

मुंगी घाटाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या महादेवाला गावोगावच्या कावडी जातात. लांब जाड दांडी, तिला पाण्याने भरलेले दोन मोठे तांब्याचे हंडे. डोंगराची एक बाजू अशी उभी की मुंगीसारखं चिकटून चढावं, तो मुंगी घाट. माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि कावड त्या कड्याने वर नेतात.

आमच्या गावच्या कावडीचा मागचा खांदा केरबाच्या घराचा. आजाचा, मग बापाचा, मग त्याचा. वर पोचल्यावर, देवाला पाणी घालायच्या आधी, आमचा गुरव हात वर करून पुकारतो, "मागचा खांदा अमक्याचा!" बस, एवढंच. एक नाव, एकदाच. पण त्या एका हाकेवर आमच्याकडे घराण्याची मान वर राहते.

आदल्या चैत्रात केरबा घाटाच्या पायथ्याला धापा टाकत बसला तो बसलाच. कावड पायऱ्यांच्या सोप्या वाटेने फिरवून न्यावी लागली. गावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चावडीवर जुनी माणसं बसली आणि ठरलं. पुढल्या चैत्रात केरबाने खांदा दिला तर बरं, नाहीतर मान धाकट्या पातीला.

धाकटी पाती म्हणजे त्याचा चुलतभाऊ ज्ञानू. गुऱ्हाळावर बसून काकवी पिऊन तोही रुंदीला काही कमी नव्हता, पण वयाने लहान आणि दमाचा. दोघांचं बांधावरून भांडण झालेलं, बोलणं बंद. शेजारी शेजारी घरं, पण तो पुढच्या दाराने निघाला की हा मागच्या दाराने!

तेव्हा केरबाला वर्षभरात अंग उतरवायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

०

आधी डॉक्टर झाले. सांगलीतले चांगले शिकलेले डॉक्टर. त्यांनी केरबाच्या छातीला नळी लावली, पोटावर टकटक केली आणि म्हणाले, "खाणं निम्मं करा."

केरबा हात जोडून म्हणाला, "सायेब, त्येवढं सोडून काय बी सांगा. आपरेशन करा!"

मग वैद्य झाले. माझ्याच दुकानातून औषध नेणारे, सज्जन माणूस. ते म्हणाले, "पहाटे कोमट पाण्यात चमचाभर मध घ्यायचा. महिनाभर." मी महाबळेश्वराकडचा चांगला मध मागवला आणि मोठी बरणी भरून केरबाला दिली.

आठवडा झाला नाही तोच बरणी रिकामी करून गडी दुकानात हजर!

"अरे, महिन्याचा मध होता तो!"

"व्हय. औषध लय झ्याक हाय नाना," केरबा म्हणाला, "पर भाकरीसंगं पुरवठ्याला येत न्हाई!"

०

आता माकडशिंग.

माझ्याकडे कवठे महांकाळच्या माळावरून बिरा धनगर पाला-मुळ्या घेऊन यायचा. मेंढरं राखता राखता गोळा करायचा आणि बाजाराच्या दिवशी घोंगड्यात बांधून आणायचा. एकदा टळटळीत दुपारी आला. मी म्हटलं, "बिरा, आधी दोन घास खा. आत जेवण आहे."

"नगं शेट. सकाळी दोन कांड्या खाल्ल्यात. आता सांजपत्तुर पोट गप."

"कसल्या कांड्या?"

"माकडशिंगाच्या," म्हणत त्याने घोंगड्याच्या गाठीतून काढून दाखवल्या. बोटाएवढी जाड, चौकोनी, हिरवी कांडी. पान नाही, काही नाही. माळावर खडकाच्या सांदीत, काटेरी झुडपाच्या आडोशाला येते. मी चावून बघितली. आधी आंबट, मग खारट, मग अशी कडू की तोंड वाकडं व्हावं! पण खरं सांगतो, त्या दिवशी मला चार वाजेपर्यंत जेवणाची आठवण झाली नाही.

माझ्या व्यापारी डोक्यात दिवा पेटला. भूक मारणारी वस्तू! म्हणजे केरबाचं औषध! मी बिराला म्हटलं, "पुढल्या बाजाराला पोतंभर आण. आमच्याकडे जाड माणसं फार. त्यांना द्यायची."

बिरा आधी माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. डोळ्याला पाणी येईपर्यंत हसला.

"आवं शेट, आमाला खायाला न्हाई म्हणून आमी ही खातूया. आन् तुमची माणसं खायाला लय हाय म्हणून खाणार व्हय?"

०

केरबाने कांडी सुरू केली. जेवायच्या आधी एक, मिठाला लावून.

गुण येतो का, असं मला अजून लोक विचारतात. मी पाहिलं ते सांगतो. कुणाला येतो, कुणाला येत नाही. भूक मंदावते, हे खरं. पण समोर ताट आलं की हात थांबवायचं काम कांडीचं नव्हे, माणसाचं. केरबाच्या मनात मुंगी घाट होता, म्हणून त्याचा हात थांबला. सहाच्या चार भाकरी झाल्या, चाराच्या दोन.

आणि एक दिवस त्याची बायको, तानूवहिनी, एकटी मोटारीत बसून सांगलीला आली. कधी गावाबाहेर न पडलेली बाई. ओसरीवर बसली, पाणीसुद्धा घेईना.

"भावजी, तुमचं औषध बंद करा."

"का हो वहिनी? त्रास होतोय का त्याला?"

"त्यास्नी काय व्हतंय! बरं हायती." पदराचं टोक तोंडाला लावून ती थांबली. "लगीन होऊन आले तवापास्नं माझ्या टोपल्यात भाकरी उरली न्हवती. आता रोज उरती. काल कुत्र्याला घातली. तेबी हुंगून गेलं."

मी हसलो. ती हसली नाही. माझी बायको आतून आली, तिच्याजवळ बसली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने दुकानात गेलो.

जाताना वहिनी उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मानाचं हाय म्हणून गप बसते. पातळ करा त्यास्नी. पर माझ्या हाताची चव तेवढी घालवू नगासा."

ते काही माझ्या हातात नव्हतं.

०

अंग उतरतंय का नाही, हे कळायचं कसं? माणसं तोलायचं यंत्र आमच्या ओळखीत कुणाकडे असणार? पण सांगलीत हळदीचा बाजार! पोती तोलायचा भला मोठा काटा, आणि त्यावर आमचा आबा तोलार. तोलताना आबा कधी 'एक' म्हणायचा नाही. पहिलं पोतं 'लाभ', मग दोन, मग तीन. केरबाला त्याने पारड्यात बसवलं आणि खणखणीत ओरडला, "लाभ!" सगळा बाजार गोळा झाला. वजन भरलं साडेतीन मणांच्या वर.

पंधरवड्याने पुन्हा तोललं. पाच शेर कमी! केरबाच्या आनंदाला उधाण आलं. बाजारभर पेढे वाटले, आणि स्वतः एकही खाल्ला नाही.

मी मात्र चपापलो. पोट तर होतं तिथेच दिसत होतं. मी आबाला बाजूला घेतलं.

"आबा, खरं सांग. तोल बरोबर आहे ना?"

"बराबर म्हंजे! बारदान वजा केलं. धोतर, फेटा, पायताण. वर माती आन् ओलीचा कडता कापला. हळदीला कापतू तसाच."

म्हणजे पोत्याचं वजन आणि मालातली घट धरून आबाने माझ्या मित्राचे पाच शेर कागदावरच उतरवले होते!

"अरे बाबा, मग पहिल्या खेपेला का नाही कापलास?"

"पयल्यांदा मला वाटलं, शेट पैलवान इकणार हायत!" आबा शांतपणे म्हणाला. "ह्या खेपेला तुमचं तोंड बघितलं. वजन कमी भरावं म्हणून देवाचा धावा करत हुतासा. म्हटलं, म्हंजे घेणार हायत!"

मी जाऊन केरबाला सांगितलं. सांगायला नको होतं असंही वाटलं, पण सांगितलं. तो रिकाम्या पारड्याकडे बघत राहिला.

"म्हंजे पाच शेर माती व्हती म्हण की."

त्यानंतर तो दर खेपेला लंगोट लावून काट्यावर बसू लागला, आणि हळूहळू खरोखर उतरू लागला.

०

बातमी लपते थोडीच? केरबा उतरतोय म्हटल्यावर सांगलीतली वजनदार मंडळी माझ्या दुकानाकडे वळली. वकील आले, अडते आले. मोठ्या घरच्या बायका गड्याला पाठवून कांड्या मागवू लागल्या, आणि गडी सांगायचा, "बाईसायेबांचं नाव घेऊ नगा, माझ्याच बायकोसाठी पायजे म्हणून सांगितलंय." त्याची बायको मी बघितली होती. फुंकर मारली तर उडाली असती!

माल खपतो म्हटल्यावर नक्कल आलीच. पेठेच्या दुसऱ्या टोकाला एकाने शेराच्या कांड्या कापून माकडशिंग म्हणून विकायला ठेवल्या. कुंपणाला लावतात तो शेर! त्याचा चीक लागला तर कातडी भाजते. आमचे एक वकीलसाहेब दोन पैसे स्वस्त म्हणून तिकडून घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन माझ्याकडे आले. बोलता येईना. मी तूप लावायला दिलं. चार दिवसांनी वाचा फुटली तेव्हा पहिलं वाक्य काय बोलावं?

"शेट, तुमच्या मालाने नुसती भूक जायची. त्याच्या मालाने जेवणच बंद झालं. गुण त्याचा जास्त!"

०

पण त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट झाली.

धान्य रेशनवर होतं. माझ्या दुकानासमोरून रेशनची लाईन जायची. सकाळपासून बाया-माणसं पिशव्या घेऊन उभी. कधी ज्वारी मिळायची, कधी परदेशातली लाल मिलो ज्वारी, कधी नुसतं 'संपलं'. आणि इकडे माझ्या पायरीवर भूक मारायला आलेल्यांची लाईन! दोन्ही लायनी एकमेकींना खेटून. मी तेव्हा गल्ल्यावर बसून ते बघायचो आणि मला त्यात काही वाटायचं नाही.

एक दिवस 'संपलं' म्हणून त्या लाईनमधली माणसं पांगली. एक बाई तशीच वळून माझ्या पायरीवर आली. कडेवर एक, पदराला दोन. लाजत लाजत विचारलं,

"शेट, तुमच्याकडं भूक मारायचं औषध हाय म्हंत्यात. पोरांस्नी चालतं का?"

दुकानात दोघे अडते बसले होते. मी खण उघडला आणि तसाच मिटला. आतून बायकोने सगळं ऐकलं होतं. ती सूप भरून ज्वारी घेऊन बाहेर आली आणि त्या बाईच्या ओटीत घातली.

पुढल्या बाजाराला बिरा आला तो मोकळ्या घोंगड्यानेच.

"माल कुठाय रे?"

"न्हाई आणला शेट. आता न्हाई आणणार. समदा माळ उपटून झाला. आमची म्हातारी म्हंती, रं बिरा, पाऊस न्हाई आला तर आपुन काय खायाचं?"

मी दुकानावर लावलेली माकडशिंगाची पाटी उतरवली. केरबापुरत्या कांड्या तेवढ्या बिरा नंतरही आणून द्यायचा. "पैलवानाला द्या," म्हणायचा, "त्येला देवाचं काम हाय."

०

माघात मी गावी गेलो तर केरबाच्या ओसरीवर ही गर्दी. मी घाबरलोच. आत गेलो तर केरबा खांबाला टेकून बसलेला. गालफडं दिसतायत, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबतोय. आणि भोवती सगळी पाहुणे मंडळी.

ती समाचाराला आली होती! आमच्याकडे पैलवान वाळला म्हणजे त्याला रोग झाला, हे ठरलेलं. कुणी नारळ आणलेला, कुणी कोंबडीची अंडी. एकजण माझ्या कानाशी लागून, "मिरजेच्या दवाखान्यात न्या, छातीचा दिसतोय," असंही सांगून गेला.

केरबा प्रत्येकाला सांगत होता, "आवं, मुद्दाम केलंय! मी मुद्दाम वाळलोय!"

कोण विश्वास ठेवणार? त्याची म्हातारी आत्या तर उंबऱ्यातूनच गळा काढून आली. त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि रडत रडत म्हणाली, "केरबा, तू बोललास म्हणून बरं लेकरा. न्हाईतर मी दुसऱ्याच्याच घरात रडून गेले असते!"

सगळे हसले. केरबा हसला. तानूवहिनी आत चुलीपुढे बसली होती. ती मात्र बाहेर आली नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं तालमीकडे गेलो. पोरं लढत होती. त्यातल्या एकाने वळून विचारलं, "पावनं कुठलं म्हणायचं?" केरबाने वाकून चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली आणि बाहेर पडला. वाटेत एवढंच म्हणाला, "असू दे. चैतात वळखतील."

०

चैत्र आला. मी दुकानाला फळ्या लावल्या आणि गावच्या कावडीबरोबर शिंगणापूरला गेलो.

घाटाच्या पायथ्याला केरबा कंबर कसून उभा. "नाना, दम बघ," म्हणाला, आणि आम्ही नको नको म्हणत असताना तो रिकामाच वरच्या खडकापर्यंत जाऊन शेळीसारखा खाली आला! श्वास लागलेला नाही. जुनी माणसं एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागली. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! ज्ञानू साखळीत लांब उभा होता. तो इकडे बघत नव्हता.

"हर हर महादेव!" कावड उठली. मागच्या खांद्याला केरबा. अर्धा घाट कसा गेला कळलं नाही. मग तो उभा टप्पा आला. पुढचे वर चढले, दांडी तिरपी झाली आणि दोन्ही हंड्यांचा भार मागे आला.

केरबाने पाय रोवला. पाय राहिला, पण अंग राहिना. तो मागे सरकला. हातभर, आणखी हातभर. दम शाबूत होता, हात-पाय शाबूत होते. पण वरून येणाऱ्या त्या ओझ्याला अडवायला अंगात वजनच नव्हतं.

माझ्या शेजारी गावचा म्हातारा पाटील साखळीत होता. तो पुटपुटला, "मागल्या खांद्याला भार लागतो रं. ह्येचा आजा, ह्येचा बा, समदी हत्तीवानी व्हती, ती काय उगाच?"

वर्षभर आम्ही सगळ्यांनी, डॉक्टरांपासून आबा तोलारापर्यंत, त्या माणसाचं वजन मोजलं होतं. हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पाटलाच्याही नाही!

तेवढ्यात ज्ञानूने साखळी सोडली. सरपटत आला आणि आपलं भलं मोठं पोट केरबाच्या पाठीला लावून उभा राहिला. दांडी थांबली. हंड्यातलं पाणी हिंदकळून दोघांच्या डोक्यावर आलं.

केरबाने मान वळवली. बांधाच्या भांडणानंतर पहिल्यांदा त्याने ज्ञानूच्या तोंडाकडे बघितलं.

"ज्ञाना, घे."

आणि तो दांडीखालून निघाला. पण बाजूला झाला नाही. ज्ञानूचा पाय जिथे जिथे सरकत होता, तिथे तिथे आपला खांदा त्याच्या टाचेखाली देत तो वरपर्यंत गेला.

वर ढोल वाजत होते. गुरवाला खालचं काहीच दिसलं नव्हतं. त्याने दोघांना एकदमच वर आलेलं पाहिलं आणि सवयीने हात उंच केला.

"मागचा खांदा केरबा पैल..."

ज्ञानू खाली मान घालून उभा होता. तो बोलणार नव्हता. साखळीतली माणसंही बोलणार नव्हती. पाटील नाही, मी नाही. सगळ्यांचा केरबावर जीव होता.

केरबा पुढे झाला. सदऱ्यातून पाणी निथळत होतं. त्याने गुरवाचा वर गेलेला हात धरला आणि हळूच खाली आणला.

"गुरवदादा, थांबा. खांदा ज्ञानूचा व्हता. देवाच्या दारात हिसाब खरा ठिवा."